परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं ‘पॅकेज’: काय मिळतं, काय राहून जातं

ठरावीक रकमेत परस्पर संमतीचा घटस्फोट करून देणारी पॅकेजेस आता ऑनलाइन सर्रास विकली जातात. फोनवर अर्ध्या तासाचा सल्ला, अर्जाचा मसुदा, शपथपत्रं, वकीलपत्र, अर्ज दाखल करणं आणि दोन तारखांना वकील हजर, असा साधारण ऐवज असतो. इथे कुठल्या एका कंपनीचं परीक्षण नाही, या सेवाप्रकाराचं आहे. नावं बदलली तरी साचा तोच असतो, आणि उणिवाही त्याच.

निकाल आधी सांगतो. मूल नाही, सामाईक घर किंवा कर्ज नाही, एकमेकांवर कुठलीही केस नाही आणि दोघंही महाराष्ट्रातच राहतात, तर पॅकेज चालेल. यातली एक अट जरी पुरी होत नसेल तर पॅकेजमधला अर्ज हा कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी कोर्टात लिहून द्यायच्या तडजोडीच्या अटी, आणि तिथेच पॅकेजवाले तुमच्यासमोर छापील नमुना ठेवतात.

विकतंय कोण

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा ऑनलाइन विकणाऱ्या मंचांवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं. त्यामुळे झगमगीत जाहिरात करणारा बहुतेक वेळा वकील नसतोच, तो मध्यस्थ असतो. फोनवर बोलणारा एक, मसुदा करणारा दुसरा, आणि कोर्टात उभा राहणारा तिसराच. पहिल्या तारखेला आलेला वकील सहा महिन्यांनी येईल याची खात्री नसते, आणि नवा आला तर तो फाइल कॉरिडॉरमध्ये वाचतो.

म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. वकीलपत्रावर कोणाची सही असणार, त्यांचा सनद क्रमांक काय (महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचा ‘एमएएच’ने सुरू होतो) आणि दुसऱ्या मोशनला, म्हणजे संमती कायम आहे हे कोर्टाला सांगायच्या दुसऱ्या तारखेला, तेच येणार का. उत्तर ‘आमची टीम बघेल’ असं आलं तर पुढे जाऊ नका.

नवरा-बायको दोघांसाठी एकच वकील, हीसुद्धा पॅकेजची आवडती काटकसर. अर्ज संयुक्त असतो म्हणून ते चालून जातं. पण पोटगीचा आकडा किंवा मुलाच्या भेटींचे दिवस ठरवताना एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा असतो. एक वकील दोन्ही बाजूंनी खेचू शकत नाही. निदान कन्सेंट टर्म्स तरी दोघांनी आपापल्या वकिलाकडून वाचून घ्याव्यात.

‘सहा महिने माफ’ ही हमी

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये सांगाडा अगदी सरळ आहे. निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, एकत्र नांदणं शक्य नसावं आणि लग्न संपवण्यावर दोघांचं एकमत असावं. पहिल्या मोशननंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दुसरं मोशन. त्या वेळीही दोघांची संमती कायम असेल तर डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत अर्ज करता येत नाही. त्याला कलम १४ ची फट आहे, पण ती अपवादात्मक हालअपेष्टेसाठी आणि कोर्टाच्या परवानगीने.

जाहिरातीत मात्र ‘तीस दिवसांत’ लिहिलेलं असतं. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर हा निकाल आहे. सहा महिन्यांची मुदत कोर्टाला माफ करता येते असं त्यात म्हटलंय, पण काय पाहून तेही सांगितलंय. पहिल्या मोशनच्या आधीच एक वर्ष अधिक सहा महिने, म्हणजे दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं. समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत. पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असावं. आणि आणखी थांबण्याने फक्त त्रास वाढणार असावा. माफीचा अर्ज पहिल्या मोशननंतर एका आठवड्याने देता येतो. द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. त्यामुळे हमी देणारा एकतर कायदा वाचत नाही किंवा तुम्ही वाचणार नाही असं धरून चालतो.

एक बारीक गोष्ट. ‘सगळं खरोखर मिटलेलं’ ही अट कन्सेंट टर्म्स बघूनच तपासली जाते. ‘मालमत्तेचं नंतर बघू’ असं लिहिलेल्या टर्म्स घेऊन माफी मागायला गेलात तर माफी नाकारायला कारण तुम्हीच दिलेलं असतं.

ऑनलाइन फॉर्म आणि अर्ज

इथे पॅकेजवाल्यांना गुण द्यायला हवेत. कागदांची यादी बहुधा नीट असते: विवाह नोंदणीचा दाखला, लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांचे आधार आणि पॅन, राहत्या पत्त्याचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले. लग्नाची नोंद झालेली नसेल तरी अर्ज अडत नाही, पत्रिका, फोटो आणि शपथपत्रावर काम भागतं. पण नोंदणी उशिरासुद्धा होते, आणि पुढे पासपोर्टपासून व्हिसापर्यंत सगळीकडे तो दाखला विचारतात. दोघांच्या सह्या मिळताहेत तोवर करून टाकलेली बरी.

खरी चूक होते ती ‘वेगळे राहत असल्याची तारीख’ या रकान्यात. फॉर्म भरून घेणारा मुलगा सांगतो, वर्षाच्या आधीची कुठलीही टाका. मग अर्जात एक तारीख, पोलिसांतल्या तक्रारीत दुसरी, आणि भाडेकरारावर दोघांची नावं असलेली तिसरीच. हे शपथेवर लिहिलेलं असतं, आणि समुपदेशकांसमोर किंवा जबाबात हमखास विचारलं जातं. एकाच घरात, पण नवरा-बायको म्हणून न राहता वर्ष काढलं असेल तर तेही वेगळं राहणंच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालात ते स्पष्ट केलंय. मुंबईत दुसरं घर घेणं किती जणांना परवडतं? तेव्हा खोटा पत्ता टाकण्यापेक्षा ‘एकाच छताखाली, वेगळे’ असं सरळ लिहून घ्या.

अर्ज कुठे दाखल करायचा यावरही घोळ होतो. लग्न झालं ते ठिकाण, शेवटचं एकत्र राहिलेलं ठिकाण किंवा पत्नी सध्या राहते ते ठिकाण, यातलं कुठलंही चालतं. पॅकेजवाला त्याच्या वकिलाला सोयीचं कोर्ट सुचवतो. लग्न साताऱ्याला, संसार पिंपरीत आणि पत्नी आता माहेरी सांगलीत असेल तर कोणाला किती वेळा रजा टाकावी लागेल याचा हिशेब तुम्ही करा.

अर्ज स्वीकारणाऱ्या कोर्टाच्या नोंदणी विभागाचे आक्षेप नेहमीचेच असतात: आधारवरचा आणि अर्जातला पत्ता वेगळा, पानांवर क्रमांक नाहीत, सत्यापनावर (मजकूर खरा असल्याच्या निवेदनावर) एकाचीच सही, पत्नीचं लग्नाआधीचं नाव राहिलेलं. प्रत्येक आक्षेपापायी एक फेरी वाढते. ही फेरी पॅकेजच्या रकमेत आहे की वेगळी, ते आधी विचारा.

बिलातल्या दोन ओळी मुद्दाम तपासा. ‘कोर्ट फी’ आणि ‘स्टॅम्प पेपर’. महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने घटस्फोट, पोटगी आणि मालमत्तेच्या वादांत स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे. कोर्टात द्यायच्या शपथपत्रालाही मुद्रांक लागत नाही, ती सूट २००४ पासूनची. तरीही या दोन नावांखाली हजारोंची रक्कम दिसली तर पावती मागा.

कन्सेंट टर्म्स: इथेच पॅकेज नापास होतं

छापील नमुन्यात पाच-सात कलमं असतात. ‘दोघांनी एकमेकांच्या वस्तू परत केल्या आहेत’, ‘यापुढे एकमेकांवर कुठलाही हक्क नाही’, ‘सर्व तक्रारी मागे घेण्यात येतील’. वाचायला गुळगुळीत, अंमलात आणताना निरुपयोगी. एकेक घेऊ.

घर. ‘फ्लॅट पत्नीला देण्यात येईल’ एवढ्याने फ्लॅट तिच्या नावावर होत नाही. अर्जाचा विषय घटस्फोट आहे, फ्लॅट नाही. आणि दाव्याचा विषय नसलेली स्थावर मिळकत तडजोडीच्या डिक्रीत आली तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तिची नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत दस्त नसेल तर सोसायटी शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलत नाही. महाराष्ट्रात निवासी मिळकत पती किंवा पत्नीला बक्षीस दिली तर मुद्रांक २०० रुपये आहे, काही ठिकाणी त्यावर स्थानिक अधिभार लागतो. ही सवलत पती-पत्नीसाठी आहे, माजी पती-पत्नीसाठी नाही. डिक्री झाल्यावर तोच फ्लॅट द्यायला गेलात तर बाजारमूल्यावर मुद्रांक भरावा लागतो, आणि मुंबई-पुण्यात ती रक्कम लाखांत जाते. म्हणजे दस्त डिक्रीच्या आधी व्हायला हवा. पण फार आधी केला आणि समोरच्याने संमती मागे घेतली तर घरही गेलं आणि घटस्फोटही नाही. त्यामुळे दुसऱ्या मोशनची तारीख हातात आल्यावर, तिच्या आधीच्या आठवड्यात नोंदणी, हा क्रम बरा. बक्षीसपत्र म्हणजे विनामोबदला. त्यात ‘पोटगीच्या बदल्यात’ असं लिहिलं की तो वेगळा दस्त ठरू शकतो आणि मुद्रांकही बदलतो. दस्त कुठल्या प्रकारचा करायचा, हा प्रश्न नमुना भरणाऱ्याने सोडवायचा नाही. त्यासाठी नोंदणीचं काम करणारा वकील लागतो, आणि तो कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो.

कर्ज. हप्ते पती भरेल असं कोर्टापुढे लिहून दिलं तरी बँक त्याला बांधील नाही. कर्जखात्यावर दोघांची नावं आहेत तोवर हप्ता थकला की दोघांचाही क्रेडिट स्कोअर पडतो. बँकेकडून सहकर्जदाराचं नाव कमी करून घ्या किंवा कर्ज एकाच्या नावाने दुसऱ्या बँकेत हलवा. दोन्हीसाठी बँक त्या एकट्याचं उत्पन्न नव्याने तपासते. नकार आला तर घर विकणं हाच मार्ग उरतो, आणि हे पहिल्या मोशनच्या आधी कळलेलं बरं.

एकरकमी पोटगी. नमुन्यात ‘दहा लाख डीडीने’ एवढंच असतं. डीडीची मुदत तीन महिन्यांची आणि दोन मोशनमधलं अंतर सहा महिन्यांचं. पहिल्या दिवशी दाखवलेला डीडी दुसऱ्या तारखेला शिळा झालेला असतो. रक्कम टप्प्यांत तोडा: काही भाग पहिल्या मोशनला, मोठा भाग दुसऱ्या मोशनला न्यायाधीशांसमोर, आणि मधल्या काळात ती रक्कम कुठे राहणार (कोर्टात जमा की मुदत ठेवीत) तेही लिहा. डीडीचा क्रमांक, तारीख आणि बँक रोजनाम्यात (कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंदवून घ्या. करापुरतं बोलायचं तर एकरकमी पोटगी सहसा उत्पन्न धरत नाहीत, दरमहा येणारी पोटगी मात्र घेणाऱ्याचं उत्पन्न ठरते. आकडा ठरवताना हा फरक मोजा.

संमती डिक्री होईपर्यंत केव्हाही मागे घेता येते, हे सुरेष्टा देवी निकालातलंच तत्त्व. सगळे पैसे आधी देणारा आणि सगळ्या केसेस आधी मागे घेणारी, दोघंही सारखाच धोका पत्करतात. देणं आणि घेणं पायरीपायरीने जुळवलेलं असावं. चांगल्या टर्म्सची हीच ओळख.

पोलीस केस. पूर्वीचं ४९८अ, म्हणजे १ जुलै २०२४ नंतर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हा गुन्हा तडजोडीने मागे घेता येत नाही. ‘पत्नी तक्रार मागे घेईल’ हे वाक्य त्यामुळे पोकळ आहे. गुन्हा रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयात (किंवा त्याच्या तुमच्या भागातल्या खंडपीठापुढे) वेगळा अर्ज करावा लागतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ५२८, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४८२. तक्रारदाराचं संमतीचं शपथपत्र लागतं, आणि बहुधा तिला हजरही राहावं लागतं. टर्म्समध्ये हे असं हवं: अर्ज कोण करणार, खर्च कोणाचा, शपथपत्र कधी द्यायचं आणि पैशाचा कुठला टप्पा त्याला बांधलेला. सासू, नणंद, दीर आरोपी असतील तर त्यांचीही नावं घाला. पॅकेजमध्ये उच्च न्यायालयाचं काम कधीच नसतं, ते नंतर ‘जादा’ म्हणून येतं.

स्त्रीधन. दागिने यादीने परत घ्या: नग, वजन ग्रॅममध्ये, शक्य तिथे फोटो आणि सराफाची पावती. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, ठुशी, चांदीची भांडी, सगळं वेगवेगळ्या ओळीत. ‘सर्व वस्तू मिळाल्या’ या ओळीवर सही झाली की पुढे मागायला जागा उरत नाही, मग दागिने सासरच्या लॉकरमध्येच का असेनात. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर तो दोघांनी मिळून उघडून यादी करावी, आणि हे अर्ज दाखल व्हायच्या आधी.

मुलं. सगळ्यात हलगर्जी नमुना इथला. ‘ताबा आईकडे, वडिलांना वाजवी भेटीचा हक्क’ यातल्या ‘वाजवी’वरूनच पुढची पाच वर्षं भांडण चालतं. कुठले शनिवार, किती ते किती, रात्री मुक्काम आहे की नाही, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, गणपतीत मूल कोणाकडे, न्यायचं-आणायचं कोणी, आजारी असलं तर बदली दिवस कुठला, व्हिडिओ कॉल किती वाजता, हे सगळं लिहा. शाळेची फी, ट्यूशन, दवाखाना, आरोग्यविमा कोण भरणार आणि दरवर्षी किती टक्क्यांनी वाढ. पासपोर्टच्या संमतीवर सही करायची मुदत. दुसऱ्या शहरात जायचं झालं तर किती आधी कळवायचं. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे, असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे, पण ‘सहसा’ एवढंच. आणि मुलाच्या पोटगीचा हक्क आईला सोडून देता येत नाही. तो मुलाचा आहे. ‘मुलासाठीही काही मागणार नाही’ हे कलम उद्या उभं राहत नाही.

फुकट मिळणारी सेवा

पॅकेजची तुलना करायची तर ती कोर्टाच्या स्वतःच्या सेवेशी करायला हवी, आणि त्याबद्दल लोकांना फार थोडं माहीत असतं.

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, परवानगीने येतो. म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं मुंबईचं किंवा शिवाजीनगरचं पुण्याचं कुटुंब न्यायालय घेतलं तर तिथे दोघांनी स्वतः उभं राहून परस्पर संमतीचा अर्ज चालवणं कायद्याला अपेक्षितच आहे. या अर्जांना तिथे ‘एफ पिटिशन’ म्हणतात. कुटुंब न्यायालय नसलेल्या ठिकाणी अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. तिथे मात्र समुपदेशकांची सोय नसते.

विवाह समुपदेशक ही या न्यायालयांची सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरलेली सेवा. लोक तिथे ‘सही करून मोकळं व्हायला’ जातात. खरं तर मुलांच्या भेटींचं वेळापत्रक बसवायला याहून चांगली जागा नाही: त्यांनी शेकडो वेळापत्रकं मोडताना बघितलेली असतात. तिथलं बोलणं गोपनीय राहतं, पुरावा म्हणून वापरलं जात नाही. त्रुटी सांगायची तर गर्दी. वेळ थोडा मिळतो, म्हणून मुद्दे कागदावर घेऊन जा.

‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. पॅकेजवाले ‘केस ट्रॅकिंग’ म्हणून विकतात ते हेच. वैवाहिक प्रकरणांतले आदेश त्यावर नेहमी उघडत नाहीत, गोपनीयतेसाठी. आणि तारीख कधी कधी उशिरा चढते, म्हणून आदल्या संध्याकाळी बोर्ड (दुसऱ्या दिवशीच्या केसेसची यादी) बघावा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयात असतं. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींनाही. हेल्पलाइन १५१००. पॅनेलवरचा वकील कसा मिळेल ते नशीब, असं लोक म्हणतात, पण पॅकेजमध्येही वकील तुम्ही निवडत नाहीच. न पटल्यास प्राधिकरणाकडे बदलून मागता येतो. घरगुती हिंसाचाराचा प्रश्न असेल तर पॅकेजचा विचारच करू नका. आधी संरक्षण अधिकारी आणि प्राधिकरण. मारहाणीच्या दबावाखाली दिलेली ‘संमती’ ही संमती नाही.

शून्य तारे: नोटरीची फारकत

पाचशेच्या स्टॅम्पवर फारकतनामा, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. काम एका दुपारचं, आणि किंमत शून्य. हिंदू विवाह असा संपत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने नोटरींना विवाह आणि घटस्फोटाचे दस्त करू नका असं बजावलं, तरी दुकानं चालू आहेत. रूढीने चालत आलेला काडीमोड हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ खाली ग्राह्य आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही. फारकतनाम्यावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल आणि वर द्विविवाहाचा गुन्हा. दुसऱ्या पत्नीची फसवणूक होते ती वेगळीच.

साच्यात न बसणारे

बौद्ध, जैन, शीख दांपत्यांना हिंदू विवाह कायदाच लागू होतो, त्यामुळे वरचं सगळं तसंच. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम २८. साच्यात १३ब छापलेलं असतं आणि तेच राहून जातं, हा आक्षेप हमखास. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम दांपत्यांचे कायदे वेगळे, पॅकेज घेण्याआधी वकिलाला विचारा. गोव्यात नोंदलेलं लग्न असेल तर महाराष्ट्राचा नमुना फाडून टाका. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, आणि वेगळा करार नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. वाटणीचा विषयच निराळा होतो.

एक जण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावं लागतं. हजेरी व्हिडिओवर घ्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये एकतर्फी मिळवलेली डिक्री इथे चालेलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या नरसिंह राव निकालापासून ते स्पष्ट आहे.

अर्जाआधीची आणि डिक्रीनंतरची कामं

‘घटस्फोटोत्तर साहाय्य’ नावाची जादा सेवा घेऊ नका. सगळं घरून होतं. अर्जाच्या आधी: संयुक्त खात्याचे व्यवहार ‘दोघांपैकी कोणीही’ऐवजी ‘दोघांच्या सहीने’ करून घ्या, ॲड-ऑन कार्ड बंद करा, आधारला आणि ईमेलला जोडलेला मोबाइल क्रमांक स्वतःचा आहे का बघा, तीन वर्षांची बँक विवरणं आणि आयकर विवरणपत्रं उतरवून ठेवा. बोलणी फिसकटून पोटगीचा वाद उभा राहिलाच तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावंच लागतं, तेव्हा हेच कागद लागतील.

डिक्रीनंतर नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रती घ्या, दोन-तीन जास्तच. पासपोर्ट, आधार, बँक, सगळीकडे तीच मागतात. घटस्फोट झाला म्हणून नामनिर्देशन आपोआप रद्द होत नाही: भविष्य निर्वाह निधी, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, डिमॅट, सोसायटी, सगळीकडे स्वतः बदलावं लागतं. कुटुंबाच्या आरोग्यविम्यातून बाहेर पडणाऱ्याने स्वतःची पॉलिसी आधी सुरू करावी, नाहीतर मध्ये खंड पडतो आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा मोजावा लागू शकतो. आयुर्विमा विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली, म्हणजे १८७४ च्या कायद्याखाली, पत्नीचं नाव घालून काढला असेल तर तो पैसा तिचाच. नाव बदलता येत नाही, पॉलिसीवर कर्जही काढता येत नाही. अशी पॉलिसी असेल तर हप्ते पुढे कोण भरणार ते कन्सेंट टर्म्समध्येच यायला हवं. पॅकेजच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न नसतो, तेव्हा पॉलिसीचं पहिलं पान तुम्हीच काढून वकिलासमोर ठेवा.